मराठी न येणारं माणूस घरी आलंय? त्याच्या वतीनं बोलू नका

माझी सून जपानची आहे. मागच्या जूनमध्ये मुलगा आणि ती दीड वर्षासाठी कोल्हापुरात राहायला आले. मुलाचं ऑफिस पुण्यात, त्यामुळं सोमवारी पहाटे तो जातो तो गुरुवारी रात्रीच येतो. मधले चार दिवस मंगळवार पेठेतल्या घरात मी, आमचे हे आणि ती. आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. इंग्रजी तिला बेताचं, मला बँकेत लागायचं तेवढं. आज ती एकटी बाजार करून येते. मधल्या काळात काय उपयोगी पडलं आणि मी काय करायला नको होतं, ते इथं लिहितेय. परदेशी सुना-जावई आता आपल्याकडं नवलाचे राहिलेले नाहीत, कुणाच्या माडीवर परदेशी विद्यार्थी भाड्यानं राहतो. मला हे आधी कुणी सांगितलं असतं, तर त्या पोरीचे पहिले दोन महिने इतके कोंडल्यासारखे गेले नसते.

आधी माझंच सांगते. २०२३ मध्ये मी मुलाकडं नागोयाला गेले होते, तीन महिन्यांना दोन दिवस कमी राहिले. एका सहकारी बँकेत ३१ वर्षं मी काउंटरवर काढली, म्हणजे माणसांशी बोलणं हेच माझं काम. तिथं सुपरमार्केटात कोबी आणि दूध घेऊन पैसे द्यायला उभी राहिले, तर काउंटरवरच्या मुलीनं काहीतरी विचारलं. मी पैसे पुढं केले. तिनं तेच परत विचारलं, तितक्याच नम्रपणे. मी पाकीट उघडून सगळी नाणी तिच्यापुढं धरली. मागं पाचसहा माणसं उभी, कुणी हूं की चूं करत नव्हतं, आणि त्या शांततेनंच मला घाम फुटला. मुलगा लांबून धावत आला, दोन शब्द बोलला आणि संपलं. पिशवी पाहिजे का, एवढंच तिनं विचारलं होतं. जपानमध्ये जुलै २०२० पासून प्लॅस्टिकच्या पिशवीचे वेगळे पैसे पडतात, म्हणून प्रत्येकाला विचारतात.

त्यानंतर मुलगा रोज माझ्याबरोबर यायला लागला आणि सगळीकडं तोच बोलायला लागला. प्रेमानंच करत होता. पण आठवडाभरात मी दुकानात त्याच्या पाठीमागं उभी राहायला लागले आणि समोरची माणसं माझ्याकडं बघेनाशी झाली. एका रात्री त्याला म्हटलं, उद्या तू येऊ नकोस, त्या मुलीचा प्रश्न आणि माझं उत्तर तेवढं लिहून दे. त्यानं चिठ्ठीवर देवनागरीत लिहिलं: फुकुरो म्हणजे पिशवी, नको असेल तर 'दाइजोबु देस' म्हण. दुसऱ्या दिवशी एकटी गेले. कोबी घेतला. तिच्या बोलण्यात 'फुकुरो' ऐकू आलं, मी 'दाइजोबु देस' म्हटलं, तिनं मान लववली. पिशवी नको म्हटल्यामुळं कोबी हातातच राहिला. तो तसाच छातीशी धरून मी घरापर्यंत चालत आले.

एवढं स्वतः सोसून आलेली मी, पण इथं सून आल्यावर नेमकं तेच केलं जे मुलानं माझं केलं होतं. भाजीवालीपुढं मी बोलायची, रिक्षावाल्याशी मी, शेजारणींशी मी. ती मागं उभी. माझं सगळं सांगणं या एका चुकीभोवती आहे.

कागद आणि कार्ड

कागदाचं आधी उरकून घ्या. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला आला की घरमालकानं २४ तासांच्या आत मुक्कामाच्या माहितीचा ऑनलाइन फॉर्म (आधीचा 'फॉर्म सी') भरायचा असतो. तो फक्त लॉजवाल्यांसाठी आहे अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. पासपोर्ट आणि व्हिसाचे तपशील जवळ ठेवा. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असला, तर बहुतेक वेळा आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही करावी लागते. व्हिसावर काय छापलंय ते शब्दन् शब्द वाचा. हे काम मुलाच्या भरवशावर टाकू नका, ते घरातल्या कुणा एकाच्या नावावर असू द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्त्याचं कार्ड. आपल्याकडं रिक्षावाल्याला घर नंबर सांगून काही कळत नाही, त्याला तालीम कळते, चौक कळतो, देऊळ कळतं. म्हणून कार्डावर तालमीचं नाव, कुठल्या बोळात वळायचं, कोपऱ्यावर कसलं दुकान, आणि घरातल्या दोघांचे फोन नंबर असं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. मागच्या बाजूला तेच त्या माणसाला वाचता येईल अशा त्याच्या लिपीत. सुनेचं कार्ड तिनं स्वतःच जपानी अक्षरांत लिहिलं, मी फक्त उच्चार करत गेले. तिच्या पहिल्या तासात तिनं घराचा पत्ता पाठ केला तो असा. ११२ आणि १०८ हे नंबरही त्याच कार्डावर लिहिले, पहिला पोलीस आणि इतर मदतीचा, दुसरा अ‍ॅम्ब्युलन्सचा.

आकडे आणि पैसे

भाषा शिकवायची सुरुवात 'माझं नाव अमुक आहे' इथनं करू नका. पहिल्या आठवड्यात कुणी नाव विचारत नाही, पैसे विचारतात.

आपल्या नोटेच्या मागच्या बाजूला भाषांची पट्टी असते, त्यात १५ भाषा आहेत. मराठी वरून आठवी, खालून मोजली तरी आठवीच. कोकणी, नेपाळी आणि संस्कृतही देवनागरीतच असल्यामुळं नवख्या माणसाला ओळ सापडत नाही, म्हणून आठवी एवढं सांगून ठेवा. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे आणि पाचशेची एकेक नोट मांडली. ती आठव्या ओळीवर बोट ठेवायची आणि मी वाचायची. दहाची चॉकलेटी, पन्नासची निळी, शंभरची जांभळट असे रंग आधी डोक्यात बसले आणि रंगाला शब्द चिकटत गेले. शाळेच्या पाटीपेक्षा हे लवकर जमतं, कारण या कागदाशी तिचा रोजचा संबंध आहे.

देवनागरी अंक वेगळे शिकवावे लागतात, हे आपल्या लक्षातच येत नाही. परक्या नजरेला आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ चक्क आठसारखा. कपिलतीर्थ मार्केटमध्ये वांग्याच्या ढिगावर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर खडूनं ४० लिहिलेलं होतं. सुनेनं ऐंशी रुपये मोजून दिले. मावशींनी त्यातले दोन वीसचे परत तिच्या हातात ठेवले, तिची मूठ आपल्या हातानं मिटली आणि पुठ्ठ्यावरच्या चारावर बोट ठेवून चार बोटं दाखवली. तो अंक ती पुन्हा कधी चुकली नाही.

आता अवघड भाग. मराठीत एक ते शंभर हे सगळे आकडे वेगळे पाठ करावे लागतात, बाहेरच्या माणसाला ही भिंतच वाटते. सगळे शिकवायला जाऊ नका. भाजीचे भाव दहाच्या आणि पाचाच्या घरात असतात. दहा, वीस, तीस करत शंभरपर्यंत, मग पंधरा, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस. इतक्यावर दोन महिने निघतात. सात आणि साठ, सतरा आणि सत्तर या जोड्या मात्र शेजारी शेजारी म्हणून घ्या, घोटाळा तिथंच होतो. मधला आकडा आलाच तर 'साठ तीन' असं म्हणू द्या. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचायची रीत आणली तेव्हा मलाही ती रुचली नव्हती. पण जपानीत एकवीसला 'नि-जू-इचि' म्हणतात, दोन-दहा-एक. सुनेला 'वीस एक' झटकन सापडलं आणि गल्लीतल्या एकाही दुकानदाराला ते कळायला अडचण आली नाही.

आणि दीड, अडीच, सव्वा, पावणे. याला पुस्तक उपयोगाचं नाही. मी तीन दिवस कागदावर आकडे काढून समजावत होते, सून मान हलवत होती आणि तिच्या डोळ्यांत काही उतरत नव्हतं. मग एका पेरूवालीपाशी हे झालं. तिनं म्हटलं, "दीड किलो देऊ का?" सुनेला कळलं नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या बाईनं एक पेरू उचलून सुनेच्या तळहातावर ठेवला. "ह्यो एक." दुसरा पेरू उचलला, अंगठ्याच्या नखानं त्याच्या पोटावर मधोमध रेघ ओढली, हिरव्या सालीवर पांढरी ओली रेघ उमटली, आणि त्याचा अर्धा भाग मुठीत झाकून उरलेला पहिल्याशेजारी धरला. "ह्यो अर्दा. दीड." सून म्हणाली, "दीड." मग तिनं आपणहून तिसरा पेरू उचलला, दोन अख्खे आणि रेघेचा अर्धा अशी मांडणी केली आणि त्या बाईकडं बघितलं. "अडीच!" ती बाई म्हणाली. मी मध्ये बोलले असते तर हे झालंच नसतं. त्या दिवशी दीड किलो पेरू घेतले.

हिंदीत बोलू नका

हे आपल्या सगळ्यांना लागू आहे आणि मी हे कळकळीनं सांगते. समोरचं माणूस मराठी नाही असं दिसलं की आपली जीभ आपोआप हिंदीकडं वळते. आपल्याला वाटतं आपण त्याची सोय केली. पण जपानच्या, जर्मनीच्या, केनियाच्या माणसाला हिंदी तेवढीच परकी. माझी सून महिनाभर 'कितना' आणि 'किती' या दोन वेगळ्या गोष्टी समजत होती. तिनं कष्टानं 'केवढ्याला?' विचारायचं आणि समोरून 'चालीस रुपया' यायचं, म्हणजे टेबलावर नोटा मांडून घोकलेलं सगळं पाण्यात.

गल्लीतल्या किराणावाल्याला, गिरणीवाल्याला, दूधवाल्याला मी घरोघर जाऊन सांगितलं, "तिच्याशी मराठीतच बोला, फक्त सावकाश." कुणी नाही म्हटलं नाही. तिला शिकवलेलं पहिलं लांब वाक्यही तेच: "मराठीत बोला, हळू बोला." कोल्हापूरकर माणूस हे ऐकून खूश होतो आणि जास्तच मोठ्यानं बोलायला लागतो. मोठ्यानं बोलून कळत नाही, तेव्हा 'हळू'चा अर्थ हातानं दाखवायलाही शिकवा, तळवा खाली करून.

कोणती वाक्यं

'केवढ्याला?', 'हे काय?', 'परत सांगा', 'नको', 'बास', 'इथं दुखतंय'. या सहावर तिनं पहिला महिना काढला.

'बास' जेवणासाठी आहे. आपला आग्रह बाहेरच्या माणसाला झेपत नाही. आमच्या नणंदेकडं पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा ताटात भाकरी पडत राहिली आणि ती खात राहिली, कारण जपानी शिस्तीत ताटात टाकून उठायचं नाही. रात्री पोट धरून बसली. घरी परत आल्यावर तिला हात ताटावर आडवा धरून 'बास' म्हणायला शिकवलं. नुसतं 'नको' पुरत नाही, आपल्याकडं पहिला नको धरतच नाहीत, हेही समजावून सांगितलं. तांबड्या रश्श्याचं काय करायचं तर आधी चमचाभर वाटीत द्या आणि तिचं तिला ठरवू द्या. आपण 'तिखट नाही' म्हणतो ते आपल्या जिभेवरून म्हणतो. 'चटणी' शब्दाचाही खुलासा करा. बाहेरच्यांनी चटणी म्हणजे वाटीतलं हिरवं-पांढरं काहीतरी असं वाचलेलं असतं. आपल्याकडं चटणी म्हणजे बरणीतली लाल, कांदा-लसूण घातलेली, आणि ती चमच्यानं खायची वस्तू नव्हे.

'जेवलीस का?' हा प्रश्न दुपारी बारा ते तीन कुणीही विचारतं. ती प्रत्येकीला काय काय खाल्लं ते आठवून सांगायचा प्रयत्न करायची आणि शब्द सापडले नाहीत की कासावीस व्हायची. हे 'बरी आहेस ना?' असं विचारणं आहे, 'व्हय, तुम्ही?' एवढं पुरे, हे कळल्यावर तिचा जीव हलका झाला.

निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे पहिल्या दिवशीच सांगा. कारणही सांगा. आपल्याकडं घरातून निघणारं माणूस परत यायचं बोलून निघतं. सुनेनं ते ऐकून सांगितलं की जपानीतही घरातून निघताना 'जाऊन येते' असंच म्हणतात.

एक गोष्ट खास कोल्हापूरची. पुस्तकात 'मी येते, मी गेले' आहे. मीही लिहिताना तसंच लिहिते. पण आमच्या गल्लीत बायका 'मी येतो', 'मी आलो गं' असंच बोलतात, आणि मीसुद्धा. सुनेनं वहीत पुरुषाचं रूप आणि बाईचं रूप असे दोन रकाने केले होते, आणि ऐकू येत होतं भलतंच. तिला वाटलं आपण चुकीचं शिकलो. मी तिला सांगितलं, वहीतलं बरोबर आहे आणि गल्लीतलंही बरोबर आहे. आता ती माझ्याशी 'येते' म्हणते आणि शेजारच्या काकूंना 'येतो' म्हणते. कुणी हसत नाही.

'तू' आणि 'तुम्ही'चा प्रश्न तिनंच काढला, कारण तिच्या भाषेत मान देऊन बोलायच्या पायऱ्या आपल्यापेक्षा जास्त आहेत. पहिले तीन महिने सगळ्यांना 'तुम्ही', फक्त लहान मुलांना 'तू', असं ठरवलं. अंबाबाईच्या देवळात तिनं हळूच विचारलं, देवीला? देवीला 'तू'. आईला म्हणतो तसं. यावर ती बराच वेळ गप्प होती आणि मग गाभाऱ्याकडं बघून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाली. हाक कुणाला काय मारायची तेही शिकवा. भाजीवाली मावशी, रिक्षावाले मामा, दुकानदार दादा किंवा काका, शेजारीण काकू किंवा वैनी. नाव माहीत नसलेल्या शहरात या हाका म्हणजे हातात धरायचा कठडा असतो.

तुमच्या माणसाच्या भाषेत आणि मराठीत कुठं दुवा सापडतो का, ते आवर्जून शोधा. जपानीत क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं, आणि प्रश्न करायला वाक्याच्या शेवटी 'का' लावतात, अगदी आपल्यासारखा. 'इकिमासु का?' म्हणजे 'जाणार का?' आपण 'ना' लावतो तिथं ते 'ने' लावतात. त्यांच्या अक्षरांचा तक्ता 'अ इ उ ए ओ' असा सुरू होतो आणि पुढं क, स, त, न, ह, म, य, र, व. संस्कृत वर्णमालेचा अभ्यास बौद्ध धर्माबरोबर तिकडं गेला, त्यातनं तो क्रम आला. हे कळल्यावर तिनं बाराखडी चार दिवसांत लिहून काढली. 'ळ' मात्र तिला आजही येत नाही, रंकाळा तलावाला ती 'रंकारा' म्हणते. रिक्षावाले तिला रंकाळ्यालाच सोडतात. चारचौघांत उच्चार सुधारत बसू नका, बोलणं थांबतं.

दोन पावलं मागं

बाजारात तिच्या दोन पावलं मागं उभं राहा. समोरच्यानं प्रश्न विचारला आणि ती गप्प राहिली तर मनात दहापर्यंत मोजा. दहा आकडे फार लांब असतात, तुमची जीभ वळवळेल. बऱ्याचदा सातव्या-आठव्या आकड्याला ती काहीतरी बोलते, नाहीतर समोरचा हातानं दाखवतो. दहा झाल्यावरही उत्तर तुम्ही देऊ नका, एक शब्द फक्त तिच्या कानात द्या.

पाहुणे घरी आले की ती समोर बसलेली असताना मला विचारायचे, "हिला भात आवडतो का?", "हिला करमतं का इथं?" सुरुवातीला मी उत्तरं देत होते. आता म्हणते, "तिलाच विचारा की." पाहुणे क्षणभर अवघडतात, मग तिच्याकडं वळून विचारतात, आणि तिथनं पुढं तिला माणूस म्हणून बघायला लागतात. बँकेत करवीरकडच्या एका खेड्यातल्या आजी यायच्या. पैसे काढायची स्लिप मी भरून द्यायची, पण पेन त्या हातातनं काढून घ्यायच्या. "सही माझी मी करतो." तीन अक्षरांना त्यांना दोन मिनिटं लागायची, मागं रांग असायची, आणि मी थांबायची. काउंटरवर मला जे कळत होतं ते घरात कळायला उशीर लागला.

त्याची किंमत दवाखान्यात दिसली. ऑगस्टमध्ये तिला ताप आला. डॉक्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याशीच बोलले आणि मीच सांगितलं, तीन दिवस ताप, खोकला नाही, जेवण कमी. रात्री तिनं मोबाईलवर एक वाक्य भाषांतर करून मला दाखवलं: डोळ्यांच्या मागं खूप दुखतंय, दुपारी सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी परत गेलो, तेव्हा रक्त तपासायला सांगितलं. तपासणी साधी निघाली, पण ती रात्र मी झोपले नाही. दवाखान्यात जाताना आता तिच्या भाषेतनं तिनंच घरी सगळं लिहायचं, मोबाईलवर मराठी करायचं आणि तो कागद डॉक्टरांपुढं ठेवायचा, असं ठरलंय. रक्तगट, न चालणारी औषधं, चालू गोळ्यांची नावं हे पहिल्या आठवड्यातच लिहून पाकिटात ठेवा. मोबाईलवर भाषांतर करताना वाक्य छोटं ठेवा आणि पुस्तकी मराठी बोला. 'काय करालीस' त्याला कळत नाही, 'काय करतेस' कळतं. आलेलं भाषांतर उलटं मराठीत करून एकदा तपासा.

रोज एक काम

फिरायला नेणं सोपं असतं, पण माणूस रुळतं ते कामानं. सुनेकडं मी एकेक काम सोपवत गेले, सोप्यातनं अवघडाकडं. पहिलं दूध. कोपऱ्यावर जायचं, 'अर्ध्या लिटरच्या दोन' म्हणायचं, पैसे ठरलेले. यात चुकायला जागाच नाही आणि रोज सकाळी एक काम फत्ते झाल्याचं समाधान मिळतं.

मग गिरणी. गिरणीसारखी मराठीची शाळा नाही. डबा ठेवला की नंबर येईपर्यंत बसायचं, बायका असतात, त्या बोलतात. आमचे गिरणीवाले तिला 'कशाचं?' विचारायचे, ती 'भाकरीचं' म्हणायची. पहिल्या वेळी त्यांनी चक्की चालू असतानाच खालच्या पिठाची चिमूट तिच्या बोटांवर ठेवली. "बघ, झालं का?" तिनं अंगठा आणि बोटात पीठ चोळलं. "बारीक," ते म्हणाले. मग दुसऱ्या डब्यातली रव्याची चिमूट दिली. "हे जाडं." गरम पीठ आणि थंड रवा बोटाला लागूनच ते दोन शब्द तिच्यात गेले. हातानं करायच्या कामात शब्द रुजतात, म्हणून शेंगा फोडायला, मेथी निवडायला तिला शेजारणींत बसवा, उन्हाळ्यात सांडगे-कुरडया घालताना तर नक्की.

त्यानंतर भाजी, आणि तिसऱ्या महिन्यात केएमटीनं, म्हणजे शहर बसनं, एकटीनं रंकाळ्याला जाणं. बसची पाटी मराठीत असते, म्हणून तिनं आपल्या थांब्याचं नाव चित्रासारखं वहीत उतरवून घेतलं होतं. त्या दिवशी मी दारात उभी होते, पण तिच्या मागं गेले नाही.

संध्याकाळी तिला एक तास सोडून द्या. दिवसभर न कळणारी भाषा ऐकून डोकं किती शिणतं ते मला नागोयानं शिकवलं. पाच वाजल्यानंतर मला मुलाचं मराठीही नकोसं व्हायचं. त्या वेळात ती तिच्या आईशी बोलते. जपान आपल्या साडेतीन तास पुढं आहे, इथं संध्याकाळचे सहा म्हणजे तिकडं रात्रीचे साडेनऊ, म्हणून आमच्याकडं दिवेलागणीच्या आधीचा वेळ तिच्या फोनचा. त्या वेळात मी तिला चहालाही हाक मारत नाही.

सगळ्यात अवघड फोनवर बोलणं. तोंड दिसत नाही, हात दिसत नाहीत, नखानं पेरूवर रेघ ओढायला कुणी नसतं. ते सगळ्यात शेवटी ठेवा. तिच्या ब्लाउजचं कापड महाद्वार रोडच्या शिंप्याकडं दिलंय. काल तिनं पहिल्यांदा स्वतः नंबर लावला. तासभर आधी वाक्य वहीत लिहून ठेवलं होतं. "दादा, ब्लाउज झाला का?" पलीकडून बरंच काही ऐकू आलं, ती भुवया आवळून ऐकत होती. मी पालेभाजी निवडत होते, मान वर केली नाही, दहापर्यंत मोजलं. ती म्हणाली, "परत सांगा, हळू बोला." मग फोन ठेवला.

"उद्या," ती मला म्हणाली. "सहा. संध्याकाळ."

मी नाही जाणार. ती जाईल.